आरशातला चेहरा आणि फोटोतला चेहरा

'माझा फोटो कधी चांगला येतच नाही,' हे वाक्य ऐकल्याशिवाय माझे काम क्वचितच सुरू होते. ओळखीच्या साध्या माणसांची पोर्ट्रेट काढायला लागलो तेव्हा हा नुसता संकोच आहे असे समजून मी ते कानाआड करत असे आणि मला आवडलेला फोटो छापून त्यांच्या हाती देत असे.

शेजारच्या काकूंनी असाच एक फोटो बराच वेळ निरखला आणि हळूच विचारले, "अरे, माझं तोंड असं वाकडं आहे का रे?" तोंड मुळीच वाकडे नव्हते. मात्र आरशात जन्मभर डाव्या बाजूला दिसलेला त्यांचा भांग फोटोत उजवीकडे दिसत होता, आणि हसताना किंचित वर जाणारा ओठांचा कोपराही त्याच्याबरोबर दुसरीकडे गेला होता. अमेरिकेत १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो अधिक आवडतो आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो, असे आढळले होते. काकूंची तक्रार त्यामुळे अगदी खरी होती.

चूक माझीही होती. मी वाइड, म्हणजे एका चौकटीत खूप मोठा भाग टिपणारी, लेन्स लावून हातभर अंतरावरून फोटो काढत होतो, आणि इतक्या जवळून नाक मोठे व कान मागे गेलेले दिसणारच. आता मी लांबूनही चेहरा चौकटीत भरून दाखवणारी ८५ मिमीची लेन्स लावून दीड-दोन मीटर मागे सरकतो आणि माणसाला खिडकीशी असे बसवतो की उजेड एका बाजूने येईल आणि डोळ्यांत खिडकीचा लहानसा चौकोन चमकेल. कॅमेरा मात्र लगेच उचलत नाही. गप्पा रंगल्या, खांदे सैल पडले, मगच. सुरकुत्या पुसून देण्याची विनंती हमखास होते, पण मूळ फोटो नीट पाहून झाल्याशिवाय मी तिला होकार देत नाही. पाहिल्यावर बरेच जण ती स्वतःच मागे घेतात.

काकूंना मी पुन्हा बसवले, आणि या वेळी एकच फोटो सरळ आणि उलटा असा दोन्ही प्रकारे छापून शेजारी शेजारी ठेवला. उलट्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही मी." तो त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवला आणि सरळ फोटो लेकीला पाठवायला सांगितला.