जाड मुरडीची करंजी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाळीला मी पाऱ्या लाटून सारण भरायचं आणि मुरड वन्संनी घालायची, हा बत्तीस वर्षांचा करार. यंदा त्यांचा अंगठा दुखतोय, म्हणून मुरडही माझ्याच गळ्यात पडली. ती अशी जाडजूड बसली की वन्सं म्हणाल्या, “अगं, करंजी करतेस की दोरखंड वळतेस?”

मी म्हटलं, अशी करंजी ऑगस्टात इंग्लंडात खाऊन आलेय. पोळीएवढी, भट्टीत भाजलेली, आत चीज आणि कांदा. पेस्टी म्हणतात तिला. (शेजारच्या बेन म्हणाल्या, “आ तो घूघरा!”)

लेक आम्हाला कॉर्नवॉलच्या पार टोकाला घेऊन गेली होती, बोटॅलॅकला. गाडी लावली की खाली जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची वाट. पण उताराची, बारीक खडीची, आणि माझे गुडघे बडोद्याच्या सपाटीवर वाढलेले. पावागड सोडला तर आम्हाला चढ-उतार कुठला? वारा तर असा की ह्यांची माकडटोपी ओढून मी घातली. ऑगस्टात!

वळण संपलं आणि खाली, अगदी लाटांच्या डोक्यावर, कड्याला चिकटलेली दोन दगडी इंजिनघरं दिसली. क्राउन्स म्हणतात त्यांना. खालचं १८३५चं, खाणीतलं पाणी उपसायला. वरचं १८६२चं, माल ओढून काढायला. खाण मात्र दिसतच नाही, ती समुद्राखाली. तांबं आणि कथील (आपल्या कल्हईचं तेच) शोधत माणसं अर्धा मैल समुद्राखाली गेली होती. वादळात तळावरचे धोंडे गडगडत, ते त्यांना डोक्यावर ऐकू यायचे. मी तिथे उभी राहून पायाखाली ऐकायचा प्रयत्न केला. हे म्हणाले, आधी टोपी काढ.

खाली जायला तिरका बोगदा होता. १८६३ मध्ये तिथल्या गाड्याची साखळी तुटली. आठ माणसं आणि एक पोरगा गेला. दोनच वर्षांनी प्रिन्स ऑफ वेल्स पत्नीसह त्याच बोगद्यातून खाण बघून आले. वन्संनी राजपुत्राचं काहीच विचारलं नाही. “पोरगा केवढा होता गं?” एवढंच म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

वर खनिज फोडायला बायका असायच्या, बाल मेडन. मी आपली समजले, बाल म्हणजे लहान पोरी. तर कॉर्निश भाषेत बाल म्हणजे खाण! तशा लहान पोरीही असायच्याच त्यांत.

परतताना सोमलाची (म्हणजे आर्सेनिक, विषच ते) भट्टी लागली. खनिज भाजताना निघणारा धूर वेड्यावाकड्या दालनांतून फिरवायचे. तो निवला की भिंतींवर पांढरा सोमल धरायचा. तो खरवडायला माणसं आत शिरायची, नाकात कापसाचे बोळे आणि तोंडाला माती फासून. पेस्टीची जाड मुरड म्हणे यासाठीच. सोमलाच्या बोटांनी तेवढीच धरायची, बाकीचं खायचं आणि मुरड फेकून द्यायची. लेक म्हणाली, गोष्ट छान आहे, पण जुन्या फोटोंत कामगार पेस्टी कापडात किंवा कागदात धरून खाताना दिसतात. मला दुसरंच पटलं. दिवसभर राबलेला माणूस खायचं टाकतो होय?

“मुरड फेकायची?” वन्संनी कढईवरून मान वर केली. “तीच तर कुरकुरीत लागते.” माझी सगळ्यात जाड करंजी त्यांनी तुपात सोडली, झाऱ्याने दोनदा उलटली, सारण सुटलं नाही हे पाहिलं आणि काही न बोलता उरलेल्या पाऱ्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.