मथुराबाईंची वही : नोंद तिसरी

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळातल्या माझ्या राजपुत्राला मागच्या नोंदीत निरोप दिला. चार सेशन टिकला बिचारा. चांदीचं चिलखत, हिरावलेलं सिंहासन आणि वाक्यागणिक "माझ्या पूर्वजांनी". इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या टेबलावर शेवटी शेवटी त्याच्याकडे कुणी पोह्यांची बशीही सरकवत नव्हतं. चूक माझीच. त्याच्याकडे अंगठी होती, वंशावळ होती. कुणाचं देणं मात्र नव्हतं.

आम्ही डी अँड डीची २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो. त्यात पात्राला नोबल बॅकग्राउंड, म्हणजे उमराव घराण्याची पार्श्वभूमी, घेतलं की उंची पोशाख, मुद्रेची अंगठी, वंशावळीची गुंडाळी आणि २५ मोहरा हातात पडतात. त्याच नियमांत उमरावी राहणीचा खर्च दिवसाला कमीत कमी १० मोहरा. म्हणजे सगळा तोरा अडीच दिवसांचा! मग पुढचा महिना कोण पोसतं?

उत्तर इंदूरलाच पडलं होतं. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली. फौजफाट्याची ती दौलत, बाईंची ती खासगी. दोन्हींचे हिशेब वेगळे. पुढे खासगी अहिल्याबाईंकडे आली, घाट आणि देवळं तिच्यातून उभी राहिली. फौज सेनापती तुकोजी होळकरांकडे, आणि मोहिमेच्या खर्चावरून दोघांत कुरबुरी. राजवाड्यासमोरून आठवड्यातून चारदा जातो मी, पण यात एक अख्खं कॅरेक्टर आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

तर माझं नवं पात्र, मथुराबाई. सरंजामदाराची विधवा. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी दिलेलं उत्पन्न, तो आता दिराकडे. खासगीची किल्ली बाईंच्या कमरेला. नोबलचा एक पर्याय आहे, ज्यात मान-मरातबाऐवजी तीन नोकर मिळतात. ते लढत नाहीत, उघड धोक्याच्या जागी येत नाहीत, फार छळलं तर सोडून जातात. बहुतेक जण हे वाचून पान उलटतात. मी तेच घेतलं : एक कारकून, एक हुजऱ्या, एक म्हातारी दासी.

परवाच्या रविवारी फळ मिळालं. खानावळवाल्याने मुक्कामाचे पैसे मागितले. माझा हात सवयीने पात्राच्या शीटवर लिहिलेल्या मोहरांकडे गेला आणि थांबला. असली बाई स्वतः कसा सोडते होय? मी काहीच बोललो नाही, नुसतं कारकुनाकडे पाहिलं. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पर्सुएशनचा, म्हणजे मन वळवण्याचा, फासा टाकायला लावला. पडले फक्त ४. खानावळवाला हटून बसला, तेव्हा कारकुनाने रोजकीर्द उघडून निमूटपणे लिहिलं : "खानावळ, तीन दिवस, उधार." टेबलावर शांतता. मग आमचा बार्बेरियन (रानटी योद्ध्याचं पात्र घेतलेला गडी) म्हणाला, "बाई, तुमच्याकडे आहेत ना पैसे?" आहेत की. पण ते मोजायचे कुणी, हा प्रश्न आहे.

भाषेवर अजून धडपडतोय. पहिल्या दिवशी सगळीकडे "आम्ही, आम्ही" केलं, तर सगळे फिदीफिदी हसले. नाटक कंपनी वाटली. आता "आम्ही" फक्त परक्यासमोर. दासीशी "अगं, पाणी आण" इतकंच साधं. ती मात्र बाईंना एकटीच असताना रागावते, आणि बाई ऐकून घेतात. या दोन ओळींनी जेवढं काम केलं, तेवढं माझ्या सहा पानी बॅकस्टोरीने केलं नाही. (ती सहा पानं फाडली. वाईट वाटलं, पण फाडली.)

अडलंय ते इथे : सेशन संपता संपता दिराचा कारभारी पत्र घेऊन आला. घोड्यांना चारा नाही, खासगीतून उचल द्या. दिली तर पुढच्या वर्षी तो हक्कच मानेल. नाही दिली तर घोडे मरतील, आणि त्यातले दोन आमच्या पार्टीचे, म्हणजे खेळातल्या आमच्याच टोळीचे, आहेत. डीएम मिशीत हसत होता. रविवारपर्यंत ठरवायचंय, तूर्त कारकुनाला "पत्र पोचलं" एवढंच लिहायला सांगितलंय.