पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा

सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या सीटी विभागात मी वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून काम करते. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बार्शीकडचे एक कुटुंब गच्चीवरून पडलेल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला दोनदा उलटी झाली होती आणि झापड येत होती, त्यामुळे डोक्याचा सीटी स्कॅन करणे योग्यच होते.

यंत्रावर नवा तंत्रज्ञ होता. त्याने स्काऊट (स्कॅनची जागा ठरवण्यासाठीची सुरुवातीची प्रतिमा) घेतला, पट्टा लावला आणि आधीच्या प्रौढ रुग्णाचीच सेटिंग कायम ठेवून स्कॅनची तयारी केली. पडद्याच्या कोपऱ्यात सीटीडीआयचा, म्हणजे स्कॅनमध्ये यंत्र किती किरणांचा डोस देणार याचा, अंदाजी आकडा ५५ मिलीग्रेच्या (डोस मोजायचे एकक) आसपास दिसत होता. मी त्याला थांबवले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, इमेज तर क्लिअरच येते की."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते आणि अडचण नेमकी तीच होती. पूर्वी एक्स-रेत किरणांचे एक्सपोजर जादा झाले की फिल्म काळी पडायची आणि डॉक्टर लगेच जाब विचारायचे. आता डोस वाढला की प्रतिमा अधिकच स्वच्छ दिसते, त्यामुळे तक्रार करायला कोणी उरत नाही. त्याच्या छातीवर टीएलडी बॅज (कर्मचाऱ्याला मिळालेला किरणांचा डोस मोजणारा बिल्ला) व्यवस्थित लावलेला होता. त्याला स्वतःला किती डोस मिळाला हे तीन महिन्यांनी अहवाल आल्यावर कळणार होते, पण रुग्णाला साधारण किती मिळणार हे बटण दाबण्यापूर्वीच समोर लिहिलेले असूनही त्याच्या प्रशिक्षणात त्या आकड्याकडे पाहायला कोणी शिकवले नव्हते.

आम्ही लहान मुलांचा प्रोटोकॉल (यंत्रात आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग) घेतला, १२० ऐवजी १०० केव्ही (किरणांची ताकद ठरवणारा विद्युतदाब) ठेवले आणि एमएएस (किरणांचे प्रमाण ठरवणारा आकडा) कमी केला. आकडा २५ वर आला. एमएएस निम्मा केला की डोसही निम्मा होतो, पण केव्ही थोडा उतरवला तरी डोस त्याहून वेगाने घसरतो, हे त्याने तेव्हा प्रथमच आकड्यांत पाहिले. चिठ्ठीवर साधा आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन करायचा) असे दोन्ही स्कॅन लिहिले होते. मार लागलेल्या डोक्यात रक्तस्राव शोधायला साधा स्कॅन पुरतो, म्हणून मी रेडिओलॉजिस्टना फोन करून दुसरा रद्द करून घेतला. डोस निम्म्यावर आणण्याचा इतका सोपा उपाय दुसरा नाही.

मूल हलत होते, त्यामुळे जवळ कोणीतरी लागणारच होते. आई पुढे झाली. विचारल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "दिवस वर गेलेत, पण अजून तपासलं नाही." आम्ही तिला बाहेर बसवले आणि वडिलांना शिशाचा एप्रन घालून आत घेतले.

रक्तस्राव निघाला नाही. संध्याकाळी आम्ही दोघांनी मुलांच्या जुन्या स्कॅनचे डोस अहवाल उघडले, तेव्हा त्यांतही कितीतरी ठिकाणी प्रौढांचीच सेटिंग दिसली. मुलांचे प्रोटोकॉल यंत्राच्या यादीत पार तळाशी होते. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरांना सांगून ते वयानुसार वरच्या ओळीत आणून घेतले.