नेकवरची चकाकी गेली

आज अखेर धीर केला. बेस गिटारच्या नेकच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याच्या, मागची चकाकी घालवली. पावसाळ्यातल्या दमट हवेत ग्लॉसवर अंगठा चिकटायचा, वरच्या फ्रेट्सवर जाता जाता ताल निसटायचा. आधी पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांवर, मास्किंग टेप लावली (लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही), मग ०००० नंबरची, अगदी बारीक स्टील वूल (पोलादी तारांची लोकर) घेऊन हलक्या हातानं उभं घासत बसलो. लाकूड उघडं पाडायचं नाही. लॅकरच्या वरच्या थरावर फक्त बारीक ओरखडे हवेत. त्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून मॅट दिसतं, आणि हातही कमी चिकटतो.

अंगठा आता कसा सरसर जातोय! वाजवून वाजवून ती जागा पुन्हा चमकेल, माहीत आहे. तेव्हा पुन्हा घासेन. बॉडी मात्र चकचकीतच ठेवली. त्या लाल रंगावर माझा जीव आहे.