24 तासांनंतरचा ठिपका

बाळ 7 आठवड्यांचं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे आणि शी ओल्या चुन्यासारखी पांढुरकी. पित्तनलिका जन्मतः बंद असतील तर आतडं थेट यकृताला जोडायची शस्त्रक्रिया (कसाई नावाच्या जपानी सर्जनवरून तिला कसाई म्हणतात) शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हावी लागते, म्हणून त्याला घाईने आमच्याकडे हायडा स्कॅनला पाठवलं होतं. त्यात किरणोत्सारी औषध टोचून पित्ताची वाट कॅमेऱ्याने बघतात. आधीचे 5 दिवस फिनोबार्बिटोनचा एकही डोस चुकला नाही ना, हे मी आईला दोनदा विचारलं. त्या औषधाने यकृत पित्त जोमाने बाहेर टाकतं. ते राहिलं तर स्कॅन फसवू शकतो.

शिशाच्या आवरणातली सिरिंज बघून आजी पुढे आल्या. "एवढ्याशा जिवाला किरणं कशापायी?"

किरणं नाहीतच, असं खोटं मी सांगितलं नाही. म्हटलं, "आजी, डोस वजनावर मोजलाय. दर 6 तासांनी त्याचा जोर निम्मा होतो, शिवाय शी-शूमधूनही तो जातो. पित्त आतड्यात उतरतंय का, हे पोट न उघडता बघायचंय."

"मग टोच बाई."

दहा मिनिटांत यकृत पडद्यावर ठळक उमटलं. आतडं मात्र कोरं. तासाभरानेही कोरंच. 6 तासांच्या फोटोत ओटीपोटाशी एक ठिपका दिसला आणि आई उठून उभी राहिली. मी काहीच बोलले नाही. यकृत थकलेलं असलं की टोचलेलं औषध लघवीतून जास्त जातं. लंगोट बदलला, मांड्या पुसल्या, पुन्हा फोटो घेतला. ठिपका नव्हता. नुसती शू होती. तिला हे सांगताना माझा घसा दाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा फोटो. किरणांचा जोर सोळाव्या हिश्शावर आलेला, म्हणून कॅमेरा बराच वेळ लावून ठेवला. आई बाळाच्या पायाचा अंगठा धरून बसली होती. हळूहळू ठिपके जमू लागले, यकृताच्या खाली, मग वळण घेत डावीकडे. पुन्हा लंगोट बदलला, बाजूनेही फोटो घेतला. ठिपके जागचे हलले नाहीत.

डॉक्टर पडद्याशी वाकले. "वाट उघडी आहे."

औषध आतड्यात दिसलं नाही म्हणून नलिका बंदच, असं ठरत नाही; यकृताच्या दुसऱ्या आजारातही तसं होतं. पण दिसलं, की ती शंका मिटते. कावीळ कशाने झाली हे शोधायचं बाकी होतंच, पण कसाईची गरज उरली नाही.

निघताना आजींनी विचारलं, "लंगोट येगळे धुवायचे का?"

"आजच्या दिवस धुवा, आजी. आणि हात साबणाने."