परीक्षा आहे, नाही, आहे

२९ ऑगस्ट २०२०, शनिवार

काल सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय राज्यांना पदवी देता येणार नाही. करोनामुळे ३० सप्टेंबरची मुदत पाळणे शक्य नसेल, तर ती वाढवून मिळावी म्हणून राज्याने विद्यापीठ अनुदान आयोगाकडे विनंती करावी. निकाल माझ्या मनासारखा नाही. तरीही काल रात्री कित्येक आठवड्यांनंतर सलग झोप लागली आणि आज दिवसभर मी त्याच्याच कारणाचा विचार करतो आहे.

मे महिन्याच्या सुरुवातीला उच्च शिक्षणमंत्र्यांनी सांगितले होते की फक्त अंतिम वर्षाची परीक्षा होईल, तीही जुलैमध्ये. महिना संपता संपता मुख्यमंत्र्यांनी ती घेणार नसल्याचे आणि आधीच्या सत्रांच्या सरासरीवर गुण देणार असल्याचे जाहीर केले. त्याला राज्यपालांनी कुलपती या नात्याने हरकत घेतली. ६ जुलैला आयोगाने सप्टेंबरअखेरपर्यंत परीक्षा सक्तीची केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. दर बातमीला अभ्यासाला बसायचे आणि पुढच्या बातमीला उठायचे, असा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा गेला. मार्चमध्ये विषाणूची जी भीती होती, तिची हळूहळू सवय झाली. या टांगणीची होत नाही, कारण ती कधी संपणार हे ज्यांनी सांगायचे तेच रोज वेगळे सांगत होते.

घरच्यांना हे समजावणे अवघड आहे. ‘घरीच तर आहेस, दोन वेळचे आयते जेवतोस, मग टेन्शन कसले?’ हा आईचा प्रश्न प्रामाणिक असतो. गौरीच्या जेवणाला आलेल्या काकांनी ‘सरकारने पास केले का मग?’ असे हसत विचारले, तेव्हा मात्र घास घशाखाली उतरेना. परीक्षा न देता पदवी मिळाली तर आयुष्यभर ‘करोनाची बॅच’ म्हणून ओळख राहील, ही धास्ती आमच्या वर्गातल्या बहुतेकांना आहे आणि ती मला निराधार वाटत नाही.

केंद्र सरकारने जुलैमध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला असून फोनवरून समुपदेशनाची सोय ठेवली आहे. सोय चांगलीच आहे. पण दोन खोल्यांच्या घरात, आजी शेजारी बसलेली असताना, ‘मला रात्र-रात्र झोप लागत नाही’ हे कोणत्या कोपऱ्यात जाऊन बोलायचे? आणि रेंज मिळते ती देवळामागच्या टेकाडावर, जिथे अर्धे गाव त्याच कामासाठी आलेले असते. (पुण्यातल्या कॉट बेसिसवरच्या खोलीतही एकांत नव्हता, पण तिथे सगळेच परीक्षार्थी होते, त्यामुळे बोलावे लागतच नसे.) शिवाय ज्याचे मूळ वेळापत्रकाच्या अनिश्चिततेत आहे, त्यावर समुपदेशक तरी काय करणार? तारीख आयोगाने किंवा विद्यापीठानेच द्यायला हवी होती.

माझी झोप परतली म्हणून निकाल सर्वांना मानवला असेल, असे मात्र नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीने सरासरीचा निर्णय झाल्यावर पुस्तके मिटून ठेवली होती. तिच्या वडिलांचा रोजगार बुडाला होता आणि तिने शिकवण्या धरल्या होत्या. आज फोनवर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग तिने एवढेच विचारले की परीक्षा ऑनलाइन झाली तर काय करायचे, कारण घरात स्मार्टफोन एकच आहे आणि त्यावर धाकट्या भावाची शाळा भरते. परिपत्रक आल्यावर विभागप्रमुखांना मेल करून केंद्रावर जाऊन पेपर देण्याचा पर्याय मागायचा, असे आमचे ठरले आहे. मसुदा मी उद्या लिहितो.