आमची वाटचाल: धुरातला हत्ती

2009 साली पुण्यात, कोथरूडच्या दोन खोल्यांत आम्ही कंपोझिटिंगचे, म्हणजे सिनेमासाठी वेगवेगळी चित्रे जोडून एकच दृश्य करण्याचे, काम सुरू केले आणि त्याच वर्षी शेकची विक्री बंद झाल्याने हातात बसलेले सॉफ्टवेअर सोडून न्यूक शिकावे लागले. रोटो (फ्रेमगणिक वस्तूची कड हाताने आखणे), दृश्यातल्या वायर पुसणे आणि ग्रीन स्क्रीन यांवर पुढची पाच वर्षे बरी गेली. त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

सांगायचे आहे ते 2014 च्या पावसाळ्याविषयी. हैदराबादच्या एका सुपरवायझर साहेबांनी आम्हाला धुरातून धावत येणाऱ्या हत्तीचा शॉट दिला होता. शॉट 120 फ्रेमचा, म्हणजे जेमतेम पाच सेकंदांचा. हत्ती धुराच्या पोटात असल्यामुळे धूर रेंडर करताना, म्हणजे संगणकाकडून त्याचे चित्र काढून घेताना, हत्तीचा होल्डआउट, म्हणजे हत्तीच्या आकाराची रिकामी जागा, द्यावाच लागे, आणि दिग्दर्शकांना हत्ती दोन पावले पुढे हवासा वाटला की सगळा धूर पुन्हा रेंडरला लावावा लागे. हे अकरा वेळा झाले. झेड पास, म्हणजे प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती खोल आहे ते सांगणारे चित्र, वापरून कडा सोडवण्याचा प्रयत्न आम्ही केला. पण त्यात एका पिक्सेलला खोलीचा एकच आकडा मिळतो, आणि मोशन ब्लरने (हालचालीमुळे येणाऱ्या धूसरपणाने) विस्कटलेल्या सोंडेच्या कडेवर जिथे थोडा हत्ती आणि थोडा धूर असतो, तिथे तो आकडा खोटाच ठरतो. सोंडेच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ उमटायची ती उमटतच राहिली.

तारीख उलटली आणि निम्मे काम मुंबईतल्या एका स्टुडिओकडे गेले. तो चालवणारे गृहस्थ कीइंग (ग्रीन स्क्रीनचा हिरवा रंग काढणे) शिकले होते ते आमच्याच टेबलावर. ‘पुण्याच्या मंडळींना धूर झेपत नाही’ असे त्यांनी चारचौघांत सांगितले, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. त्या दोन महिन्यांत रेंडरच्या आठ मशीनपैकी तीन विकून आम्ही पगार केले.

लाइटिंग पाहणारे माझे भागीदार तेव्हा हट्टाने डीप या कंपोझिटिंगच्या पद्धतीच्या मागे लागले. न्यूकमध्ये 2011 च्या 6.3 आवृत्तीपासून डीपचे नोड (एकेक काम करणारी साधने) होते, 2013 मध्ये ओपनईएक्सआर (ईएक्सआर) या चित्र-फाइलच्या प्रकाराच्या 2.0 आवृत्तीने डीप डेटाची सोय केली होती, आणि 2014 च्या फेब्रुवारीत ऑस्कर देणाऱ्या अकादमीने डीपच्या साधनांसाठी वेटा डिजिटल स्टुडिओच्या पीटर हिलमन यांचा गौरवही केला होता. आम्ही मात्र ती बातमी वाचून पुन्हा रोटोला बसलो होतो. डीपमध्ये एका पिक्सेलच्या पोटात कित्येक सॅम्पल असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा अल्फा (ते मागचे किती झाकते तो आकडा) आणि स्वतःची खोली असते. त्यामुळे हत्ती कितीही सरकवला तरी धूर एकदाच रेंडर करायचा. कोण पुढे आणि कोण मागे, हे डीपमर्ज हा नोड ठरवतो.

पहिल्याच रात्री सर्व्हर तुडुंब भरला. एचडीच्या एका फ्रेममध्ये 20,73,600 पिक्सेल असतात. प्रत्येकात धुराची शंभर सॅम्पल धरली आणि अल्फा व पुढची-मागची खोली मिळून सॅम्पलला 12 बाइट धरले, तर कॉम्प्रेशनआधी एक फ्रेम अडीच जीबीपर्यंत जाते. त्यात रंगही भरला, हा आमचा मूर्खपणा होता.

म्हणून नव्या मंडळींना, कोणी विचारले नसले तरी, सांगतो. डीपमध्ये फक्त अल्फा ठेवा, रंग साध्या ईएक्सआरमधून डीपरिकलर नोडने चढवा, आणि रेंडररमधली अल्फा व खोलीची टॉलरन्स (किती जवळची सॅम्पल एकत्र करायची ती मर्यादा) शॉट बघून वाढवा. ब्लर आणि डिफोकस डीपचे साधे, चपटे चित्र करणाऱ्या डीपटूइमेज नोडनंतरच करा, पण तो नोड गरजेआधी लावू नका, कारण एकदा चपटे झालेले चित्र पुन्हा खोल होत नाही.

हैदराबादच्या साहेबांनी उरलेले निम्मे काम आमच्याकडेच ठेवले होते. ‘दोन आठवडे जास्त घ्या, पण रेघ दिसता कामा नये,’ एवढेच ते म्हणाले. रेघ दिसली नाही. तेव्हापासून त्यांचा धुराचा, धुक्याचा आणि केसाळ प्राण्यांचा प्रत्येक शॉट आमच्याकडे येतो, आणि विकलेल्या तीन मशीनच्या जागी आज चौदा आहेत.

2025 मध्ये फ्यूजन या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरच्या 20 व्या आवृत्तीतही डीपची साधने आली, आणि मुंबईच्या त्या गृहस्थांनी ‘आता आमच्याकडेही डीप’ अशी जाहिरात करून सोबत धुराचा एक शॉट दाखवला. मी तो फ्रेम-फ्रेम थांबवून पाहिला. घोड्याच्या आयाळीपाशी पांढरी रेघ आहे.